हाताने खाल्ली तर चालते का?

पुण्याहून कुणी तोक्योला येणार असलं की आधी थंडीची चौकशी होते आणि मग जरा आवाज खाली येतो: "सुशी हाताने खाल्ली तर चालते का गं? त्या काड्या काही आपल्याला जमत नाहीत." तोक्योतल्या निशी-कासाई भागात राहून नऊ वर्षं झाली, एक पाहुणा हा प्रश्न विचारल्याशिवाय आलेला नाही. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते, चालते. निगिरी, म्हणजे भाताच्या लहानशा मुटक्यावर माशाचा काप, ही मुळात गाडीवरची वस्तू. एकोणिसाव्या शतकात एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, रस्त्यांवर लोक ती उभ्याउभ्या हाताने खाऊन पुढे चालू लागायचे. आजही काउंटरवर बसलं की आधी ओला रुमाल हातात येतो.

आपली खरी गोची होते ती सोयासॉसपाशी. आपला हात कालवणारा. पहिल्या खेपेला मी निगिरी सरळ भाताच्या बाजूने वाटीत बुडवली. मुटका फुटला, भात काळा झाला, आणि मी चॉपस्टिकने एकेक शीत वेचत बसले. काउंटरपलीकडचे आजोबा काही बोलले नाहीत. पुढच्या निगिरीवर त्यांनी स्वतःच ब्रशने सॉस लावला आणि ती माझ्यासमोर ठेवली. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तर बरं वाटलं असतं.

तर निगिरी आडवी करायची आणि फक्त माशाची कड सॉसला टेकवायची. भात मुद्दाम सैलसर दाबलेला असतो, आणि चांगल्या दुकानात तो अंगाइतका कोमट असतो. म्हणून समोर आली की लगेच, एका घासात. फोटो काढा, पण एकच. वासाबी, म्हणजे ती झणझणीत हिरवी चटणी, बहुतेक वेळा आत लावलेलाच असतो. सॉसमध्ये आणखी कालवलात तर कुणी हाकलून देणार नाही, घरी मीही कालवते. आल्याचे काप मात्र लोणच्यासारखे माशावर ठेवू नका. एक मासा संपला की दुसऱ्याआधी तोंडाची चव धुवायला ते असतात.

जपायचं ते चॉपस्टिकला. एकदा जेवताना मी तेम्पुराचा तुकडा माझ्या चॉपस्टिकमधून ऑफिसातल्या एका बाईंच्या चॉपस्टिकमध्ये द्यायला गेले. त्यांनी आपल्या काड्या झटकन खाली ठेवल्या आणि बशी पुढे केली. इथे दहनानंतर घरची माणसं चॉपस्टिकने अस्थी वेचतात, आणि त्या एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत जातात. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत त्याचंही कारण हेच, तसा भात मृतापुढे ठेवतात. ताटात तीन पोळ्या वाढल्या की आजी कशी दचकायची ते आठवलं, आणि पुढचं काही समजावून घ्यावं लागलं नाही.

शाकाहारी असाल तर कप्पा-माकी, म्हणजे काकडी घालून गुंडाळलेला भाताचा रोल, मागवा. तळलेल्या तोफूच्या गोडसर पिशवीत भात भरलेली इनारीही मिळते, पण ती पिशवी बहुधा दाशीत, म्हणजे इथल्या पातळ रश्श्यात, शिजवलेली असते आणि दाशीत बहुतेक वेळा वाळवलेला बोनिटो मासा. "यात मासा नाही ना?" असं विचारलंत तर "नाही" म्हणतील, कारण तुकडा कुठेच नसतो. मला हे कळलं तेव्हा आई येऊन परत गेली होती. चार इनारी खाऊन तिने पाचवी मागितली होती. गुरुवार होता.