गाडी किती वाजता लागते?

ओळखीतलं कुणी कोल्हापूरला, नागपूरला, शेगावला निघालं की जाता जाता मला विचारतंच: "तिकडचं रस्त्यावरचं खास काय खायचं? आणि कुठे? एक-दोन नावं द्या ना." तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नावं मी देते, पण ती घेऊन गेलेली माणसं पुष्कळदा हात हलवत परत येतात. दुपारी दीडला तिथे पोचतात तेव्हा कढई घासून पालथी घातलेली असते. म्हणून हल्ली मी आधी वेळ सांगते, मग पत्ता. गाडीवरचं खाणं बहुतेक ठिकाणी त्या गावातल्या कुठल्या ना कुठल्या कष्टकऱ्याची भूक भागवायला सुरू झालेलं असतं. तो कामावर निघतो किंवा कामावरून सुटतो, त्या वेळी ते ताजं मिळतं. एरवी मिळालंच तर पुन्हा गरम केलेलं.

कोल्हापुरापासून सुरू करू, कारण चुकतात ती माणसं इथेच जास्त. मिसळ हा तिथला सकाळचा खुराक आहे. फडतऱ्यांची मिसळ उद्यमनगरात आहे आणि उद्यमनगर म्हणजे फाउंड्र्या, लेथ, वेल्डिंग. तिथल्या माणसाला दिवसभर उभं राहून काम करायचं असतं, तेव्हा पोटाला आधार सकाळीच हवा. तुम्ही आठ-साडेआठला जा. अंबाबाईचं दर्शन घेऊन, मग हॉटेलात जाऊन, मग निवांत, असा बेत कराल तर उरलेला कट, म्हणजे मिसळीवरचा रस्सा, आणि आंबलेली तोंडं एवढंच वाट्याला येईल. ताटलीत मटकी, बटाटा, वर मूठभर फरसाण आणि त्यावर कट; पावाऐवजी स्लाइस ब्रेड. कट संपला की पुन्हा मागायचा, त्यात लाजायचं काही कारण नाही. कोल्हापुरी म्हणजे जाळ, हे बाहेरच्यांनी उठवलेलं आहे. चांगल्या कटात आधी कांदा-लसूण मसाल्याचा वास येतो आणि तिखट मागाहून लागतं. नुसतंच तिखट लागलं तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जावं. बावड्याची मिसळ आहेच.

संध्याकाळी खासबाग. शाहू महाराजांनी बांधलेल्या कुस्तीच्या मैदानाबाहेर राजाभाऊंची भेळ मिळते. भेळ ही दिवस कलल्यावरचीच. आणि त्याच्याही पुढे, ज्यासाठी मी लोकांना एक मुक्काम वाढवायला लावते तो गंगावेशीतला दूधकट्टा. म्हशी भर रस्त्यात उभ्या असतात. गवळी आचळांवर पाणी मारतो, दोन्ही गुडघ्यांत चरवी धरतो आणि धारेचा आवाज आधी पत्र्यावर आपटल्यासारखा, मग चरवी भरत जाते तसा दबका होत जातो. तुमच्यासमोर काढलेलं दूध फेसासकट ग्लासात येतं. ते कोमट असतं, फ्रिजच्या दुधाची सवय असलेल्याला पहिला घोट विचित्रच लागतो. शेजारी तालमीतून आलेली पोरं एका दमात ग्लास रिकामा करतात. सकाळ-संध्याकाळ धारेची वेळ असते तेवढाच हा खेळ, मधल्या वेळात गेलात तर नुसता चौक. एक मात्र सांगते, ते दूध कच्चं असतं. लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारातून उठलेली माणसं यांनी नुसतं बघावं.

नाशिकच्या मिसळीबद्दल लोक हमखास विचारतात. छान असते, पापड आणि जिलबीसकट. पण गावाबाहेर झाडाखाली खाटा टाकून, झोपाळे बांधून जी 'चुलीवरची' मिसळ चालते ती रविवारची सहल समजून खावी. रस्त्यावरचं खाणं म्हणून तिच्याकडे गेलात तर रांगेतच अर्धा दिवस जाईल.

नागपुरात सकाळ म्हणजे तर्री पोहे. पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री, कच्चा कांदा, वरून शेव किंवा चिवडा. पुण्या-मुंबईचा माणूस पहिल्यांदा नाक मुरडतो, कारण त्याच्या डोक्यात पोहे म्हणजे ओलं खोबरं, लिंबू आणि पाहुणे. कस्तुरचंद पार्कच्या बाजूला जा आणि कॉलेजची पोरं, रिक्षावाले, ऑफिसला निघालेली मंडळी जिथे उभ्याउभ्या खात असतील तिथे थांबा. थंडीत गेलात तर सांबारवडी सोडू नका. तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. वडीत ती ठासून भरायची असते आणि स्वस्त, कोवळी कोथिंबीर थंडीतच येते. उन्हाळ्यातली वडी खाऊन "काही खास नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

काही पदार्थांचं घड्याळ म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक. बोरघाट चढायचा तर गाडीला मागून जादा इंजिनं जोडावी लागतात, ती कर्जतला. इंजिनं जोडेपर्यंत गाडी उभी, गाडी उभी म्हणून प्रवासी मोकळे आणि भुकेले, त्यातून दिवाडकरांचा वडा नावारूपाला आला. तो फलाटावरच खावा, गाडी करून मुद्दाम कर्जतला जाण्यात मजा नाही. शेगावची कचोरीही तशीच स्टेशनची. लहानशी, आत मूगडाळीचं कोरडं सारण, सोबत तळलेली मिरची. गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणारे येताना पुडकी बांधून आणतात, पण घरी पोचेपर्यंत तिचं कवच मऊ पडतं. तिथेच दोन खा, पुडकं शेजाऱ्यांना द्या.

मुंबईबद्दल विचारणारे फार, म्हणजे वडापावबद्दल. 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर तो सुरू झाला असं सांगतात. तो मुंबईभर पसरला त्याचं कारण मात्र चवीपेक्षा वेळेत आहे. गिरणीच्या पाळ्या बदलत, लोकल पकडायची असे, ताट वाढून बसायला सवड कुणाला? एका हातात मावणारं, चालता चालता खाता येणारं काहीतरी हवं होतं. पुढे 1982 चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कितीतरी गिरणी कामगारांच्या घरांनी वड्याच्या गाडीवर संसार चालवला. त्यामुळे "मुंबईतला बेस्ट वडापाव कुठला?" या प्रश्नाला मी नाव देत नाही. संध्याकाळी पाच ते आठ, उपनगरातल्या कुठल्याही स्टेशनबाहेर गर्दीची गाडी बघा आणि परातीतला वडा उचलू देऊ नका. "नवा घाणा कधी?" विचारा. तीन-चार मिनिटांचा प्रश्न असतो. तोवर कढईत पडलेला चुरा सुकी चटणी लावून पावात भरून देतात का बघा. माझ्या मते वड्यापेक्षा तोच सरस.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातला नान-खलिया हाही आवर्जून सांगण्यासारखा. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराच्या मुदपाकखान्यातून हा पदार्थ इथे आला अशी आख्यायिका आहे. मोठमोठ्या डेगीतला मटणाचा रस्सा आणि तंदुरातला नान. तो मुळात लग्नाच्या पंगतीचा पदार्थ, दुकानांतून नंतर मिळायला लागला.

घड्याळ नाही, कॅलेंडर बघावं लागतं ते हुरड्यासाठी. डिसेंबर-जानेवारीत मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात ज्वारीची कणसं दुधात भरतात. आधी गेलात तर दाणा पाणचट आणि उशीर झाला तर टणक. गोवऱ्यांच्या आरात कणीस खुपसायचं, साल काळवंडली की काढायचं आणि गरम असतानाच दोन्ही तळव्यांत धरून चोळायचं. सवय असलेल्या बाईच्या हातून दोन फिरक्यांत हिरवे दाणे खाली आणि बोंडूक बाजूला. आपण करायला गेलो की तळवे भाजतात आणि अर्धे दाणे कुसळासकट पडतात. फुंकर मारून कुसळ उडवायचं, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हल्ली महामार्गालगत 'हुरडा पार्टी'च्या पाट्या लागतात, माणशी पैसे घेऊन जेवण, बैलगाडी सगळं देतात. वाईट नाही. पण सोलापूरकडे कुणाच्या शेतावर ओळख निघाली तर पाटीकडे बघू नका. गुळभेंडी ज्वारी आहे का तेवढं विचारून घ्या, तिचा दाणा गोड.

आणि पोट बिघडलं तर? हा प्रश्न दबक्या आवाजात येतो, पण येतोच. उकळत्या तेलातून, उकळत्या रश्शातून थेट ताटात आलेल्या पदार्थाला मी घाबरत नाही. घाबरते पाण्याला. पाणी घालून पातळ केलेली हिरवी चटणी, पाणीपुरीचं पाणी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं, हे पावसाळ्यात सोडून द्यावं. 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे आजाराची, साथ आली तेव्हाही बोट दूषित पाण्याकडेच गेलं होतं. गाडीवाला ताटल्या एकाच बादलीत बुचकळून काढतो आहे का, ते उभ्याउभ्या दिसतं. दिसलं तर कागदावर द्या म्हणायचं. राग येत नाही कुणाला.

कोकणाचं नाव अजून घेतलं नाही म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातले वाचक चिडले असतील. तिकडे गाडीवरचं खाणं थोडंच, खरं खाणं घरात आणि खाणावळीत. अपवाद जत्रेचा. बेसनाची जाडसर शेव तळून गुळाच्या पाकात आल्यासकट घोळवलेलं मालवणी खाजं ढिगांनी मांडलेलं बघायचं तर जत्रेतच. त्यात मोठी जत्रा आंगणेवाडीच्या भराडीदेवीची, पण तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. जाहीर झाली की त्याच दिवशी रेल्वेचं तिकीट काढा. रजेचा अर्ज नंतर करता येईल, तिकीट मिळणार नाही.