तारखांचे अंदाजपत्रक : मुलीच्या जर्मनीतील शिक्षणाचा हिशेब

जमाखर्चाची वही ठेवण्याची पद्धत आमच्या घरात सासूबाईंपासून चालत आलेली आहे. त्यातच नाशिकरोडच्या एका पतसंस्थेत २२ वर्षे लेखापालाचे काम केल्यामुळे, मुलीच्या परदेशी शिक्षणाचा हिशेब मांडणे मला जड जाणार नाही, अशी माझी समजूत होती. यंत्र अभियांत्रिकीची पदवी झाल्यावर तिने जर्मनीत मास्टर्स करण्याचा विचार बोलून दाखवला, त्याच रात्री मी एका कागदावर राहणे, जेवण, विमा, प्रवास अशी बेरीज करून दोन वर्षांना २५ लाख रुपयांचा आकडा काढला. ती बेरीज आजही फारशी चुकलेली वाटत नाही. मात्र त्या कागदावर एकही तारीख नव्हती, आणि पुढच्या वर्षभरात आमची जी ओढाताण झाली ती सगळी तारखांमुळे झाली.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते, हे आपल्याकडे आता पुष्कळांना माहीत आहे. परंतु याला अपवाद आहेत आणि ते अर्ज करण्यापूर्वीच पाहावेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, म्हणजे चार सत्रांचे ६,००० युरो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांसाठी शुल्क सुरू केले असून मास्टर्सला ते सत्राला ४,००० ते ६,००० युरो इतके आहे. मुलीच्या यादीत याच बाडेन-व्युर्टेम्बर्गमधले स्टुटगार्ट सर्वांत वर होते. ते नाव तिने स्वतः खोडले आणि असे शुल्क नसलेले माग्देबुर्ग वर घेतले, तेव्हा मला वाईट वाटले. पण निर्णय तिचा होता आणि तो विचारपूर्वक घेतलेला होता.

अर्जांचा खर्च किरकोळ म्हणून मी तो धरलाच नव्हता. भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र (इथली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला) लागते, त्याचे १८,००० रुपये. अनेक विद्यापीठांचे अर्ज ज्या उनी-असिस्ट संस्थेमार्फत जातात, तिचे पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. जर्मन भाषेच्या परीक्षा आणि त्यासाठी पुण्याच्या फेऱ्या वेगळ्याच. हे पैसे प्रवेश मिळण्याआधी, म्हणजे कर्ज मंजूर होण्याच्या कितीतरी आधी, घरातूनच जातात.

सर्वांत मोठा गैरसमज श्पेरकोंटोबद्दल, म्हणजे गोठवलेल्या खात्याबद्दल, असतो. व्हिसासाठी वर्षाच्या राहणीखर्चाचे ११,९०४ युरो त्या खात्यात आधी भरावे लागतात. १ सप्टेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ११,२०८ होती. आमच्या नात्यातल्या अनेकांना ती विद्यापीठाची फी वाटली. प्रत्यक्षात ते मुलांचेच पैसे असून तिकडे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे त्यांनाच परत मिळतात. खर्च म्हणून पाहिले तर तो वर्षभरात विभागलेला असतो, पण उभे करायचे म्हटले तर युरोला १०० रुपये धरून जवळजवळ १२ लाख रुपये एकाच दिवशी हातात असावे लागतात.

ते पाठवतानाही काही गोष्टी शिकाव्या लागल्या. बँकेचा दर बाजारभावापेक्षा एक रुपयाने जास्त असला, तरी ११,९०४ युरोंवर तेवढ्याच रुपयांचा फरक पडतो, म्हणून तीन ठिकाणी त्याच दिवशीचा दर विचारावा. आमच्या पैशांतून मधल्या बँकेने आपले शुल्क कापून घेतले, खात्यात १८ युरो कमी जमा झाले, आणि तेवढ्यासाठी, खात्यात पूर्ण रक्कम असल्याचे व्हिसाला लागणारे पुष्टीपत्र अडले. ते १८ युरो पुन्हा पाठवण्यात नऊ दिवस गेले. व्हिसाची भेट तोंडावर असताना ते दिवस कसे काढले, हे आम्हालाच ठाऊक. परदेशातले शुल्कही पाठवणाऱ्याने भरायचे, असा पर्याय अर्जावर असतो. तो निवडावा आणि शिवाय थोडी रक्कम जास्त पाठवावी.

एका आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त रक्कम स्वतःच्या पैशांतून शिक्षणासाठी बाहेर पाठवली, तर वरच्या भागावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेकडून गोळा केला जाणारा कर, कापला जातो. आम्ही २०२५ च्या जूनमध्ये पैसे पाठवले तेव्हा तो ५ टक्के होता, म्हणजे आमच्याकडून साडेनऊ हजारांच्या आसपास गेला. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर तो लागत नाही. कापलेली रक्कम बुडत नाही, प्राप्तिकरात वळती होते. पण ज्याच्या पॅनवर पैसे गेले त्याच्याच नावावर ती दिसते. म्हणून घरात ज्याला खरोखर कर भरावा लागतो, त्याच्याच खात्यातून पैसे पाठवणे सोयीचे ठरते.

आता कर्जाविषयी. माझे दीर निफाड तालुक्यात द्राक्षे करतात. "वहिनी, माझी दोन एकर बाग तारण लावा, पोरीचं अडू देऊ नका," असे ते आपणहून म्हणाले, आणि त्या शब्दांचे मोल मी कधीही विसरणार नाही. पण बँकेने शेतजमीन तारण म्हणून घेण्यास नकार दिला. भाऊजींना तो अपमान वाटला, म्हणून मी कारण समजून घेतले आणि त्यांनाही सांगितले : थकीत कर्जाची वसुली बँका २००२ च्या ज्या सरफेसी कायद्याने करतात, त्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवरील तारणाला तो कायदा लागू होत नाही. जमीन लाखमोलाची असली तरी बँकेला तिचा आधार वाटत नाही, तो एवढ्यासाठीच. निफाड, दिंडोरी भागातील अनेक घरांची सगळी संपत्ती जमिनीत असते, त्यामुळे हे त्यांना आधीच कळलेले बरे. शेवटी आमची जेल रोडची सदनिका गहाण ठेवली. सर्च रिपोर्ट (मालकीहक्काची तपासणी), मूल्यांकन आणि प्रक्रिया शुल्क यांचे पैसे मंजुरीपूर्वीच भरावे लागले आणि सारे होईपर्यंत सात आठवडे गेले.

कर्जावरचे व्याज शिक्षण चालू असतानाही चढत असते. उदाहरणार्थ, १५ लाखांवर १० टक्के सरळ व्याज धरले तर अडीच वर्षांत ३ लाख ७५ हजार होतात, आणि तोपर्यंत हप्ता सुरूही झालेला नसतो. आम्ही दरमहा निदान व्याज भरत राहायचे ठरवले. प्राप्तिकरात (१९६१ च्या कायद्याचे कलम ८०ई) त्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. परंतु ती जुन्या करप्रणालीतच आहे.

पहिल्या महिन्याची तयारी मात्र आमची अपुरी पडली. श्पेरकोंटोतले पहिले ९९२ युरो तिथे गेल्यावर, पत्ता नोंदवून आणि चालू खाते उघडूनच सुटतात. मुलीला ते चौथ्या आठवड्यात मिळाले. तोपर्यंत घरभाडे, सत्रशुल्क (शिकवणी शुल्क नसले तरी दर सत्राला विद्यापीठात भरायची रक्कम), निवास परवान्याचे १०० युरो, अंथरूण-भांडी असे सर्व काही आले. खोलीची अनामत तर मी विसरूनच गेले होते. ती मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. तिथल्या कायद्याने भाडेकरूला ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे, हे मुलीला शेजारच्या खोलीतल्या एका मुलाने सांगितले, आणि आम्ही दोघींनी सुटकेचा नि:श्वास टाकला. आज कोणी मला विचारले, तर श्पेरकोंटोव्यतिरिक्त १,५०० युरो वेगळे ठेवा, असे मी निःसंकोच सांगते.

आता तिचे महिन्याचे गणित बसले आहे. भाड्याला ३३० आणि आरोग्यविम्याला सुमारे १४५ युरो गेल्यावर उरलेल्या पैशांत ती स्वयंपाक करून नीट राहते. विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, तरी पहिल्या सत्रासाठी त्या रकान्यात मी शून्य लिहिले. काम मिळेल या भरवशावर ताळेबंद जुळवला, तर परीक्षेच्या दिवसांतही मुलीला कामावर जावे लागेल. ते मला मान्य नाही.

माझ्या वहीत आता बारा महिन्यांची बारा पाने आहेत. प्रत्येक पानावर तिकडची देयके आणि इकडची आवक समोरासमोर लिहिलेली आहे. असे लिहिल्यावरच लक्षात आले की, भाऊजी मदत म्हणून जे पैसे देतात ते मार्च-एप्रिलमध्ये, द्राक्षाचे पैसे हातात आल्यावर. तर तिचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात, नेमके बागेच्या छाटणीच्या खर्चात, सुरू होते. त्यांच्याकडे तेव्हा पैसे मागणे योग्य नव्हते आणि त्यांनी मात्र नाही म्हटले नसते. म्हणून त्यांचे पैसे आले की सहा महिन्यांच्या मुदत ठेवीत ठेवायचे, ती सप्टेंबर अखेरीस मोडायची आणि फेब्रुवारीतल्या सत्रशुल्कासाठी माझ्या पगारातून आवर्ती ठेव चालू ठेवायची, असे ठरले आहे. आवर्ती ठेवीची पहिली मुदत या ३१ जानेवारीला संपते.