भिंतीतलं सहा इंचाचं भोक

किचनची चिमणी घेताना आपण काच बघतो, सक्शन विचारतो, ऑटोक्लीन आहे का विचारतो, पण पाइप भिंतीबाहेर निघतो तिथे काय बसवणार हे कोणीच विचारत नाही. सहा इंचाचं भोक पाडायचं, पाइप खुपसायचा, कडेने पांढरं सिमेंट फासायचं, बाहेरून एक प्लास्टिकची जाळी, झालं काम. आमच्या डोंबिवलीत पश्चिमेकडच्या भिंती बघा, उन्हाने जाळ्यांचे तुकडे पडलेत आणि खाली तेलकट काळे ओघळ, कोणाकडे तळण जास्त ते रस्त्यावरून कळतं.

तसं त्या भोकाचं कामही सोपं नाही हो. धूर, वाफ, खकाणा सगळं बाहेर जायला हवं आणि बाहेरचं काही आत यायला नको, पाऊस नको, झुरळं नको, आणि साळुंकी तर नकोच नको. सोसायटीच्या वॉचमनलाही हे जमत नाही.

साळुंक्यांची वीण साधारण एप्रिल ते जुलै आणि पाइपाभोवतीची फट सिलिकॉनने बुजवायची तीही पावसाआधी, कारण ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही. त्यामुळे आधी टॉर्च मारून आत घरटं नाही ना ते बघायचं. अंडी असली तर संपलंच, पिल्लं उडेपर्यंत सहाएक आठवडे चिमणी बंद, खिडकी उघडी, आणि घरात कोणी ठेच्याचं नाव काढायचं नाही.

आमचं नशीब, पाइप रिकामा होता. काम करायला आलेले मामा बारीक जाळीच्या एकदम विरोधात, म्हणाले तेलाचा धूर न् धूळ चिकटून तिचं पापुद्र्यासारखं होतं, मग चिमणी नुसती ओरडते, ओढत काहीच नाही. त्यापेक्षा झडपांचं कव्हर बरं, फॅन लागला की उघडतात, बंद केला की आपल्या वजनाने मिटतात.

पांढरं सिमेंट तर हाताने निघालं. पाइप कंप पावतो, तापतो, सिमेंटला ते झेपत नाही, बारीक चीर पडते आणि तिच्यातून पाणी झिरपून भिंतीला ओल येते. आपण मात्र वरच्यांच्या बाथरूमला शिव्या घालत बसतो. मामांनी तारेच्या ब्रशने कडा घासल्या, थिनरने चिकट काढला, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटवर चालत नाही म्हणून दुसरं आणलेलं, ते मारलं, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकसारखं फिरवलं. खालची कड तेवढी मोकळी.

"मामा, खाली राहिलं ना?"

"ऱ्हाऊ द्या ताई. वरून न् दोन्ही बाजूंनी बंद करायचं. तरी थोडं पानी घुसलंच तर भाईर कुठून जाईल?"

हे मला फार पटलं. पाइपालाही बाहेरच्या बाजूला किंचित उतार देतात तो ह्यासाठीच.

पूर्ण एक दिवस सुकू दिलं. मग टेस्ट म्हणून सासूबाईंनी सुक्या मिरच्या भाजायला घेतल्या. झडपा टकाटक उघडल्या, घरात साधी शिंकसुद्धा नाही, आणि दोन मिनिटांत वरच्या काकूंचा फोन.