तुम्ही विचारलंत म्हणून: हा लाइम कुठला?

इंग्रजी मजकूर मराठीत आणणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न ठरलेला: लाइम म्हणजे चुना, लिंबू की झाड? तिन्ही. आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नाही.

झाडाचं पटकन उरकते. युरोपातला टिलिया, म्हणजेच लिंडेन. त्याला लिंबं लागत नाहीत. लाकूड मऊ, कोरीवकामाला उत्तम. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचं आडनावही याच झाडावरून आलेलं. कवितेत रस्त्याच्या दुतर्फा लाइम उभे असतील, तर ते हेच.

चुन्यात मात्र गंमत आहे. चुनखडी 900 अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडलं की ढेकूळ आधी नुसतं पाणी पितं. मग वाफा सोडतं, तडकतं, फुलतं आणि पांढरी भुकटी होऊन बसतं. (बघायचं ते लांबूनच; डोळ्यांत उडाला तर खेळ नाही.) हाच विरलेला चुना भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो.

खरा घोळ फळाचा. लाइम आणि लेमन दोन्ही आपल्यासाठी लिंबूच, पण इंग्रजांनीही फारसा भेद केला नाही आणि ते त्यांना महागात पडलं. 1747 मध्ये ब्रिटिश नौदलातले वैद्य जेम्स लिंड यांच्या प्रयोगात संत्री आणि लेमन खाणारे स्कर्व्हीचे (हिरड्यांतून रक्त आणणाऱ्या, खलाशांना ग्रासणाऱ्या रोगाचे) रुग्ण सुधारले. 1795 पासून ब्रिटिश नौदलात लेमनचा रस सुरू झाला आणि स्कर्व्ही हटली. पुढे 1860च्या दशकात त्याजागी वेस्ट इंडीजमधल्या लाइमचा रस आला. आंबट ते आंबट, काय फरक पडतो? फरक क जीवनसत्त्वाचा होता; त्याच्या अभावानेच स्कर्व्ही होते. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास आखूड झाले होते, म्हणून बराच काळ कुणाच्या ध्यानातच आलं नाही. लांबच्या ध्रुवीय मोहिमांत मात्र स्कर्व्हीने पुन्हा डोकं वर काढलं. लिंबाच्या रसावरचा वैद्यांचा विश्वासच डळमळला. 1918 मध्ये दोन्ही रसांची प्रयोगशाळेत तुलना झाली, तेव्हा लाइमचा रस फारच दुबळा निघाला.

बागकामाच्या पुस्तकात ‘मातीत लाइम मिसळा’ असं दिसलं, तर लिंबं पिळू नका. तिथे बहुधा चुनखडीची भुकटी हवी असते, आम्ल मातीसाठी. कळीचा चुना तर मुळीच टाकू नका, मुळं भाजतील.