बाजाराच्या दिवशीचा पिठ्या

पिठ्या ढेकूण, म्हणजे अंगावर पांढरी मेणाची भुकटी असलेली, झाडाचा रस पिणारी कीड, विदर्भात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. 2006-07 च्या सुमारास तो देशभरच्या कपाशीवर पसरला, तेव्हा पऱ्हाटीच्या फांद्या चुन्यानं पोतारल्यासारख्या पांढऱ्या झालेल्या इथल्या माणसांनी पाहिल्या आहेत. गाजरगवतावर तो असतो, सीताफळावर असतो, दारच्या जास्वंदीवर तर मुक्कामालाच असतो. पण त्याचाच एखादा चुलतभाऊ ओसरीत टांगलेल्या ऑर्किडच्या बेचक्यात येऊन बसला की जाणता शेतकरीही गोंधळतो. वावरातल्या पिठ्यासाठी पाठीवरचा पंप आहे, कृषी केंद्रातली बाटली आहे. ओसरीतल्या एका कुंडीसाठी काय करायचं?

पहिलं उत्तर सोपं आहे. ती बाटली घरात आणायची नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ती उघड्या रानात. ओसरीत लेकरं खेळतात, पापड-कुरडया वाळतात, पाण्याचा माठ तिथंच असतो. दोन कुंड्यांसाठी तिथं विष उडवणं म्हणजे माशी मारायला बंदूक काढणं. आणि एवढं करूनही पिठ्या जात नाहीच. त्याला औषध कमी आणि वार जास्त लागतो. वार म्हणजे सोमवार-मंगळवारातला वार.

कारण त्याच्या जन्मातच आहे. पिठ्याची मादी कापसाच्या बोळ्यासारखी पिशवी विणते आणि तिच्यात शेकडो अंडी घालते. उबदार हवेत ती आठवड्या-दहा दिवसांत फुटतात आणि मोहरीच्या दाण्याहून बारीक, पिवळसर पिल्लं चालत सुटतात. या वयात त्यांच्या अंगावर मेण नसतं, त्यामुळे औषध लागलं की ती लगेच मरतात. मोठ्या मादीच्या अंगावर मेणाची भुकटी असते, तिच्यावरून पाणी कमळाच्या पानावरून घसरावं तसं घसरतं. अंड्यांच्या पिशवीत तर काहीच शिरत नाही. म्हणून एकदा कितीही जालीम काही मारलं तरी अंडी वाचतात आणि आठ दिवसांनी पांढरे ठिपके पुन्हा हजर. लोक म्हणतात, ‘औषध बनावट होतं.’ औषध खरं होतं, पुढच्या आठवड्यात कोणी फिरकलं नाही एवढंच.

आठवडी बाजाराचा दिवस यासाठी फार सोयीचा. गावचा बाजार बुधवारी असो की शनिवारी, तो कोणी विसरत नाही. पिशव्या घेऊन निघायच्या आधी दहा मिनिटं कुंडीजवळ बसायचं, असे सलग पाच बाजार. तेवढ्यात पिठ्याची एक पिढी पूर्ण उलटते. तिसऱ्या बाजाराला झाड स्वच्छ दिसायला लागतं आणि नव्वद टक्के लोक तिथंच थांबतात. पिठ्या त्याचीच वाट पाहत असतो.

पण आधी ओळख पक्की करावी. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. तेच पाणी महिनोन्महिने घातलं की कुंडीच्या काठावर, मुळांवर पांढरा थर धरतो, आणि नवखा माणूस त्यालाच पिठ्या समजून पुसत बसतो. क्षार नखाला कचकचतो. पिठ्या कापसानं दाबला तर चिरडतो आणि पिवळसर-नारिंगी डाग उमटतो. पानाच्या मागे शिरेलगत तपकिरी, घट्ट चिकटलेले, तिळाएवढे उंचवटे दिसले तर ती खवले कीड. तिच्या काही जातींचे नर पांढऱ्या कापूसधाग्यांच्या पुंजक्यात राहतात, तेही पिठ्यासारखे भासतात. पान तेलकट-चिकट आणि त्यावर काळी काजळी धरलेली असेल, तर वर कुठंतरी पिठ्या किंवा मऊ खवले कीड रस पिऊन चिकटा टाकत बसली आहे असं समजावं. संत्र्यावरच्या कोळशीनं बाग काळी पडते, त्याच जातीचं हे काम. टणक कवचाची खवले कीड मात्र चिकटा टाकत नाही, त्यामुळे तिचा पत्ता उशिरा लागतो.

हत्यार म्हणजे औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (पुढं त्यालाच स्पिरिट म्हटलं आहे) आणि कापूस. मेण त्यात विरघळतं, आणि उघडी पडलेली कीड जागीच वाळते. 99 टक्क्यांचं मिळालं तर 70 मिलीत 30 मिली पाणी घालावं, कारण जास्त कडक स्पिरिट लागलीच उडून जातं, किडीला भिजवतच नाही. 2020 पासून घरोघरी सॅनिटायझरच्या अर्धवट बाटल्या पडून आहेत. त्यातलं जेल वापरू नये, त्याचा लेप पानावर चिकटून राहतो. गोंदिया-गडचिरोलीकडचं कोणी हसत विचारेल की मोहाची पहिल्या धारेची चालेल का. तिच्यात किती टक्के काय आहे हे गाळणाराही सांगू शकत नाही, तेव्हा ती ज्याच्यासाठी गाळली त्यालाच द्यावी. कापूस मात्र घरचाच चालतो, वातीसाठी पिंजून ठेवलेला. कपाशीला छळणाऱ्याच्या भाऊबंदांना कापसानंच पुसायचं, यात थोडा हिशेब चुकता झाल्याचं समाधानही आहे.

काम संध्याकाळी, सावलीत, आणि चूल किंवा दिवा जवळ नसताना करावं, स्पिरिट भडकतं. आधी एका जुन्या पानाचा रुपयाएवढा भाग पुसून दोन दिवस थांबावं. डाग पडला नाही तर पुढं जावं. बोळा ओला असावा, थेंब गळणारा नको. पानाची खालची बाजू, मधली शीर, फुलांच्या दांड्याचे पेर, कुंडीच्या काठाची आतली बाजू आणि तळाची भोकं या क्रमानं पुसत जावं. उमललेल्या फुलांवर आणि नव्या मुळांच्या हिरव्या टोकांवर स्पिरिट लावू नये, ती करपतात.

खरी लपाछपी बेचक्यात असते. फॅलेनॉप्सिस या जातीच्या ऑर्किडची रुंद पानं एकमेकांना जिथं मिठी मारतात, तिथं बोळा पोचत नाही. शाळेतल्या चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून तिथं फिरवावा आणि लगेच कागदाची पीळ घातलेली वात घालून ओल टिपून घ्यावी. मधल्या पोग्यात ओल साचून राहिली तर पोगा कुजतो. किडीनं झाड मरायला महिने लागतात, पोगा कुजला तर आठवडा पुरतो. डेन्ड्रोबियम या कांड्यांच्या ऑर्किडची गोष्ट वेगळी. त्याच्या जुन्या कांड्यांवर कांद्याच्या सालीसारखं कोरडं पापुद्र्याचं आवरण असतं, त्याखाली पिठ्याची अख्खी वसाहत असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ही वाळकी साल वरून खाली उभी फाडून अलगद काढावी. कोवळ्या कांडीवरची हिरवी साल मात्र तशीच ठेवावी, तिला ओढलं की खालचा डोळा दुखावतो.

खवले कीड असेल तर आधी नखानं किंवा दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशनं खरवडायची, मग स्पिरिट. तिची एक गंमत आहे. कीड मेली तरी कवच पानाला तसंच चिकटून राहतं, आणि माणूस हताश होतो की काही उपयोगच नाही. टाचणीनं एक कवच उचलून पाहावं. आत कोरडी भुकटी निघाली तर मेलेली, ओलं काही निघालं तर जिवंत. एवढ्या साध्या परीक्षेनं कितीतरी फुकटच्या फवारण्या वाचतात.

निंबोळीवर आपला भरवसा जुना आहे, आणि तो रास्तही आहे. अंगणातल्या निंबाखालच्या निंबोळ्या वाळवून, कुटून ठेवल्या असतील तर 50 ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी दुहेरी फडक्यातून गाळावी, दोन ग्रॅम कपड्याच्या साबणाचा चुरा त्यात विरघळवावा. हा पाच टक्के अर्क झाला, वावरात फवारतात तोच. निंबोळी तेल असेल तर लिटरभर कोमट पाण्यात आधी साबणाचे दोन मिली, मग तेलाचे पाच मिली, आणि फवारताना बाटली सारखी हलवत राहायची. साबण विसरला तर तेल वर तरंगतं, पहिले फवारे नुसत्या पाण्याचे जातात आणि शेवटचे नुसत्या तेलाचे, त्यानं पान भाजतं. तयार केलेलं त्याच दिवशी संपवावं.

पण आपल्याकडे यात एक मोठी अडचण आहे, ती म्हणजे आपला उन्हाळा. तेलाची फवारणी पारा बत्तीसच्या वर गेला की पानाला चटका देते. इथं एप्रिलमध्येच तो चाळीस ओलांडतो आणि नवतपात तर दिवेलागणीलाही भिंती धगधगत असतात. होळीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत तेलाची बाटली कपाटातच राहू द्यावी. त्या दिवसांत स्पिरिटचा बोळा आणि सकाळच्या पहिल्या उजेडात पाण्याचा मारा, एवढंच पुरे.

त्याच दिवसांत आणखी एक पाहुणा येतो, लाल कोळी. तो कीटकच नाही, आठ पायांचा आहे, म्हणून किडीची बरीच औषधं त्याला लागू पडत नाहीत. पानाची खालची बाजू चंदेरी, खरखरीत दिसायला लागली की पांढरा कागद खाली धरून पानावर टिचकी मारावी. धुळीचे कण पडले आणि चालू लागले, तर तोच. त्याला कोरडी हवा आवडते. पानांच्या पाठी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसल्या की आठ-दहा दिवसांत तो बराच ओसरतो. कुलरचा झोत मात्र झाडावर सरळ येऊ देऊ नये. गारवा मिळेल म्हणून लोक मुद्दाम तसं ठेवतात, आणि त्याच वाऱ्यावर किडीची पिल्लं शेजारच्या कुंडीत पोचतात.

पावसाळ्यात बाजू पालटते. आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत कृषी केंद्रात मिळणारी व्हर्टिसिलियम या बुरशीची भुकटी, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी फवारली की ती बुरशी किडीच्या अंगावर वाढते आणि तिला संपवते. मे महिन्यात हीच भुकटी म्हणजे पैसे मातीत. कृषी केंद्रातून घरात आणायला हरकत नसलेली ही एकच वस्तू. आणि याच काळात अंगणात एक पांढरा, झुपकेदार, पिठ्याहून मोठा आणि चांगलाच चपळ किडा दिसला तर हात आवरावा. तो क्रिप्टोलेमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असतो. ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा 1898 मध्ये भारतात आणला गेला, त्याची अळी अंगावर तसंच मेण पांघरून पिठ्याच्या कळपात शिरते आणि पिठ्याच खाते. पिठ्या बसून असतो, ही धावते, ओळख एवढीच.

इतकं करूनही पाचव्या बाजाराला पिठ्या दिसलाच, तर तो मुळांमध्ये आहे. कुंडी उपडी करून झाड बाहेर काढावं. कोळसा, नारळाच्या शेंड्या, जे भरलेलं असेल ते सगळं फेकावं, धुऊन परत वापरायचा मोह टाळावा. मुळं वाहत्या पाण्याखाली धुवावीत, दाबल्यावर पोकळ लागणारी कापावीत, उरलेली दहा मिनिटं सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पुन्हा साध्या पाण्यानं धुवावीत आणि झाड एक दिवस सावलीत उघडं टांगून ठेवावं. मातीची कुंडी गंजभर उकळत्या पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवली की झालं, उन्हाची तरी आपल्याकडे टंचाई नाही. भरायला फुटक्या विटांचे सुपारीएवढे तुकडे, लाकडी कोळसा आणि थोड्या नव्या शेंड्या. शेणखत-माती घालू नये. ऑर्किडला बांडगूळ म्हणणारेही पुष्कळ आहेत, पण ते झाडाचा रस पीत नाही, नुसतं सालीला धरून राहतं. आपल्या रानातल्या आंब्यावर वाढणारं वांदा हे ऑर्किडही तसंच. युरिया तर दाखवूही नये. नत्रानं पानं लुसलुशीत होतात आणि लुसलुशीत पान पिठ्याला पुरणपोळीसारखं.

नवी कुंडी बाजारातून आणली तर तीन-चार आठवडे जुन्यांपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवावी. आणि दारातली जास्वंद एकदा उलटसुलट पाहावी, पुष्कळदा सगळी वरात तिथूनच निघालेली असते.

तिथून इथवर पिठ्याला पोचवणारं वाहन म्हणजे मुंग्या. चिकट्याच्या लोभानं त्या पिठ्याला गाईसारखं पाळतात, त्याला खाणाऱ्या भुंगेऱ्यांना हाकलून लावतात. त्यांच्यासाठी आजीच्या काळातला उपाय आहे. दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसं परातीत पाणी घ्यावं, मधोमध वाटी उपडी ठेवावी आणि वाटीवर कुंडी. मुळं पाण्यात नकोत. पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकावेत, म्हणजे मुंगी तरंगत नाही, आणि पाणी तीन दिवसांनी बदलावं, नाहीतर तिथं डास होतील. कुंडी भिंतीला किंवा खिडकीच्या गजाला टेकली, तर ती परात असून नसल्यासारखी.

फुलांचा दांडा येतो तेव्हा त्याच्या पेरांवर काचेसारखे स्वच्छ, गोड थेंब दिसतात. हा चिकटा नव्हे, झाडाचाच मध आहे. आजूबाजूला बोळा फिरवून काहीच निघालं नाही, तर थेंब तसेच राहू द्यावेत. फक्त परातीतलं पाणी आटलं नाही ना, तेवढं त्या दिवसांत रोज पाहावं.