सोपं, पण कुणाला?

बँकेच्या नाहीतर एसएससीच्या, म्हणजे स्टाफ सिलेक्शनच्या, परीक्षेची तयारी करणारी पोरं माझ्याकडे इंग्रजीला येतात. त्यांच्या गाइडात ‘इडियम्स अँड फ्रेजेस’चं प्रकरण असतं. ‘पीस ऑफ केक’, ‘केकवॉक’, ‘प्लेन सेलिंग’ या सगळ्यांपुढे अर्थ एकच छापलेला: फार सोपं. पोरं घोकतात, परीक्षेत बरोबर पर्यायावर क्लिक करतात, विषय संपला.

माझी गाडी मात्र दरवेळी केकवॉकपाशी अडते. हा मुळात नाच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामीत राबणारी काळी माणसं ठेवणीतले कपडे घालून जोडीजोडीनं मिरवायची. कमरेतून मागे झुकायचं, पाय उंच उचलायचे, वाकून नको इतका अदबीचा आव आणायचा. गोऱ्या मालकांच्या बॉलडान्सची ती नक्कल होती. मालक मंडळी परीक्षक म्हणून बसायची, टाळ्या पिटायची आणि सरस जोडीला केक द्यायची. आपलीच टिंगल चाललीय हे त्यातल्या बऱ्याच जणांच्या गावीही नसायचं म्हणतात. मळ्यात राबून आल्यावर असं मागे झुकून नाचायचं, आणि शब्दाचा अर्थ काय उरला, तर हातचा मळ!

2002 च्या फेब्रुवारीत केन अ‍ॅडलमन यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहिलं, की इराक मुक्त करणं केकवॉक ठरेल. हे गृहस्थ रेगन यांच्या काळात शस्त्रनियंत्रणाचं खातं सांभाळत होते. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या फौजा घुसल्या, त्या बाहेर पडल्या 2011 च्या डिसेंबरात. अ‍ॅडलमनसाहेब अर्थातच बंदूक घेऊन गेले नव्हते. कुठल्याही ऑफिसात बघा, ‘केकवॉक आहे हो’ म्हणणाऱ्याच्या टेबलावर ते काम कधीच नसतं.

‘विन हँड्स डाउन’, म्हणजे आरामात जिंकणं, हे घोड्यांच्या शर्यतीतून आलं. जिंकणं नक्की झालं की जॉकी लगाम सैल सोडतो, हात खाली. घोड्याचं तोवर काय झालं असेल ते घोड्याला ठाऊक.

‘प्लेन सेलिंग’ची गंमत वेगळी. पृथ्वी सपाट मानून जहाजाची दिशा आणि अंतर काढायची जुनी रीत होती, तिचं हे नाव. साध्या त्रिकोणाचं गणित, जवळच्या पल्ल्याला झकास. लांब निघालात की पृथ्वीचा गोलावा आड येतो आणि हिशेब चुकत जातो. हे मी फळ्यावर आकृती काढून सांगतो. पोरं विचारतात, ‘सर, परीक्षेला येतं का?’ नाही येत.

परवा वाक्यात उपयोग करायला सांगितलं, तर एकीनं इंग्रजीत लिहिलं, की माझ्या आईला वीस माणसांच्या भाकऱ्या म्हणजे पीस ऑफ केक. व्याकरण चोख, मार्क दिले. समासात लिहिलं, ‘आईला विचारलंस का?’

दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘विचारलं सर. आई म्हणाली, ये, बस आणि थाप.’