मुक्कामी एसटीच्या वाटेनं

सायकल चालवणाऱ्या बाईला पुण्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. सायकल केवढ्याला पडली, हा पहिला. दुसरा माझ्या आवडीचा आहे: "आम्ही निघालो की सगळा वेळ ट्रकचा धूर आणि हॉर्न. तुमचे ते शांत रस्ते नेमके आहेत कुठे?" तुम्ही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ते मावळात आहेत. मावळ म्हटलं की हल्ली लोणावळ्याकडचा तालुका डोळ्यांपुढे येतो, पण मी म्हणतेय ती जुनी मावळं, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची नद्यांची खोरी. हाताची बोटं फाकवून पुण्याकडे धरा. मनगट म्हणजे सह्याद्रीचा कणा, बोटं म्हणजे पूर्वेकडे गेलेले डोंगरफाटे, आणि बोटांमधल्या प्रत्येक फटीत एक नदी. उत्तरेकडून निघालात तर अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, मग मुळा-मुठेची खोरी, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, आणि नीरेकाठचं हिरडस मावळ. हमरस्ते यांच्या तोंडावरून आडवे जातात. मुंबईचा रस्ता एकीकडे, साताऱ्याचा दुसरीकडे. आपण त्या हमरस्त्याला पाठ करायची आणि नदीच्या वरच्या अंगाला निघायचं.

पण प्रत्येक खोरं शांत नाही. नदीच्या उगमाशी कडा आहे, कड्याखाली कोकण. त्या कड्यातून मोटार उतरवणारा घाट असेल तर खोऱ्यातल्या रस्त्यावर वर्दळ असणारच, कारण लोकांना त्या खोऱ्यातून पलीकडे जायचं असतं. इंद्रायणीच्या वरच्या टोकाला बोरघाट आहे, मुळेच्या टोकाला ताम्हिणी, नीरेच्या टोकाला वरंध. या तिन्ही वाटा सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. मात्र शांततेसाठी मी तिकडे जात नाही. मी जाते ती कुसूर, मढे, उपांडे अशा घाटांच्या माथ्याकडे. हे पायवाटेचे घाट. डांबर माथ्याच्या अलीकडे संपतं, त्यामुळे त्या रस्त्यावर फक्त तिथे राहणारी माणसं आणि तिथेच पोहोचायचं असलेले पाहुणे भेटतात. नकाशात रस्ता शोधताना मी तो कुठे जातो हे बघत नाही, कुठे संपतो ते बघते. आणखी सोपी खूण हवी असेल तर एसटी स्टँडवर चौकशी करा, मुक्कामी गाडी कोणत्या गावाला जाते. संध्याकाळी जाऊन रात्री गावातच थांबणारी आणि पहाटे शाळा-कॉलेजची मुलं, दुधाचे कॅन घेऊन परतणारी एसटी ज्या रस्त्यावर आहे, तो रस्ता आपला.

त्यातला माझा सर्वांत जवळचा रस्ता भोरपासून वेळवंड खोऱ्यातला. पुण्याहून भोरपर्यंत सायकलवर जाण्याचा आग्रह धरू नका. कात्रजपुढचा महामार्ग सायकलसाठी नाही, उगाच जीव टांगणीला लागतो. गाडीत सायकल टाका, भोरला उतरा, पोटभर न्याहारी करा आणि भाटघर धरणाकडे वळा. धरण ब्रिटिश काळातलं, दगडी, वेळवंडी नदीवर बांधलेलं. जलाशयाला शिवाजी महाराजांचे सरदार येसाजी कंक यांचं नाव आहे, आणि ते सार्थ आहे, कारण येसाजी याच खोऱ्यातल्या भुतोंड्याचे. संगमनेर (हे भोर तालुक्यातलं), मग वेळवंड, आणि शेवटी थेट राजगडाच्या पायथ्याला भुतोंडे, असं पाण्याच्या कडेकडेनं जायचं.

नकाशावर हा रस्ता सपाट वाटतो, पण तसा तो मुळीच नाही. नदीकाठची जुनी वाट पाण्याखाली गेली, गावं वर सरकली, आणि नवा रस्ता डोंगराच्या कुशीतून काढावा लागला. त्यामुळे वाटेतला प्रत्येक ओढा रस्त्याला आत ओढून घेतो. उतार, मोरी, लगेच चढ, वळण, समोर पाणी, आणि पुन्हा उतार. एकही चढ मोठा नाही, पण सगळ्यांची बेरीज एखाद्या घाटाला भारी पडते. इथे वेग धरायला गेलात तर दमाल. मोरीशी हलका गिअर, वर आल्यावर दोन घोट पाणी, अशी लय एकदा बसली की दिवसभर चालवता येतं. पुढे 34 दातांची चकती आणि मागे 32-34 दातांपर्यंतचे गिअर असले तर गुडघे कुरकुरत नाहीत. टायर 32 मिलिमीटरचे किंवा त्याहून रुंद घ्या. धरणापासून लांब गेल्यावर डांबर मध्येच उखडलेलं असतं, आणि वळणावर खडी पसरलेली असते.

पावसाळा संपता संपता गेलात तर पाणी रस्त्याच्या पायाशी असतं आणि पलीकडच्या उतारावर भाताची खाचरं पिवळी पडू लागलेली असतात. तरीही मला इथला मे महिना जास्त आवडतो. ऊन कडक असतं, म्हणून उजाडायच्या आत निघावं लागतं. पण धरण आटलेलं असतं आणि एरवी पाण्याखाली असलेलं खोरं उघडं पडतं. गाळपेराचे, म्हणजे आटलेल्या धरणाच्या गाळात घेतलेल्या पिकाचे, हिरवे तुकडे, जुन्या वाटा, घरांची जोती, आणि एरवी पाण्यात बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ. गावकरी गाळ काढून देव धुतात, पूजा होते, लांबलांबून माणसं दर्शनाला येतात. जलाशय म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो तिथे कुणाचं तरी अंगण होतं, हे त्या महिन्यात डोळ्यांना दिसतं. सायकलवरून दिसतं, कारण तिथे थांबायला जागा शोधावी लागत नाही.

भुतोंड्याच्या अंगाला पोहोचलात की राजगड अगदी वेगळ्या बाजूनं समोर येतो. बहुतेकांनी तो गुंजवण्याकडून किंवा पालीकडून पाहिलेला असतो. इथून संजीवनी माची लांबच्या लांब पसरलेली दिसते, आणि अळू दरवाज्याकडे चढणारी वाट याच गावातून निघते.

नवखे असाल तर मात्र भोरऐवजी कामशेतला या. कामशेतहून नाणे, गोवित्री करत जांभवलीपर्यंत कुंडलिका नदीच्या खोऱ्यातून पंधराएक किलोमीटरचा रस्ता आहे, चढ सौम्य, आणि शेवटी कोंढेश्वराचं देऊळ. समोर ढाकचा कडा उभा. पावसाळी रविवारी तिथे गर्दी उसळते, तेवढे दिवस टाळा. गुंजण मावळातला नसरापूर ते वेल्हे रस्ताही चांगला आहे. मार्गासनीपाशी साखर आणि गुंजवणे या गावांकडे फाटा फुटतो, तो त्याहून चांगला, पण सुट्टीच्या दिवशी राजगडाच्या गाड्या त्याच वाटेनं येतात. मधल्या वारी जमवा.

वाऱ्याचं गणित लक्षात ठेवा. ही सगळी खोरी पश्चिमेकडे चढत जातात आणि पावसाळी वारा पश्चिमेचाच. जाताना चढ आणि वारा दोन्ही अंगावर येतात. परतताना उतार आणि वारा दोन्ही पाठीशी. म्हणून जाताना घड्याळ बघून खट्टू होऊ नका. पावसाचंही तसंच आहे. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, कण्याजवळ त्याच्या कित्येक पट. घरून निघताना ऊन होतं म्हणून रेनकोट ठेवून येऊ नका.

"एकटी जाता? भीती नाही वाटत?" हे मला विशेषतः मुली विचारतात. महामार्गावर वाटते, खोऱ्यात कमी. खोऱ्याच्या तोंडाशी जी चहाची टपरी असेल तिथे थांबायचं, चहा घ्यायचा, आणि मावशींना किंवा दादांना सांगून ठेवायचं की अमुक गावापर्यंत जातेय, दुपारपर्यंत याच वाटेनं परत येईन. एकच रस्ता असल्यामुळे कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं, हे खोऱ्याला ठाऊक असतं. आत मोबाईलची रेंज जाते, म्हणून ही निरोपाची पद्धत मी मनापासून पाळते. पंक्चरचं सामान आणि दोन ट्यूब जवळ असू द्या, आतल्या गावांत सायकलचं दुकान नाही. धनगरवाड्याजवळ कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. दिवाळीच्या सुमाराला रस्त्यावर भात वाळत घातलेलं दिसेल, त्यावरून चाक नेऊ नका. रस्ता अर्धाच उरला असेल तर उतरून जा. वर्षभराचं अन्न आहे ते.

शेवटचा प्रश्न थोडा रागानं विचारला जातो. नावं अशी उघड सांगितलीत तर तिथेही गर्दी नाही का होणार? मला ही भीती सायकलींची वाटत नाही. दहा सायकली आल्या तर टपरीवर दहा चहा आणि दहा प्लेट पोहे जास्त खपतात, बस. शांतता जाते ती डोंगर उभा कापून पाडलेल्या प्लॉटांमुळे, पाण्याकाठच्या रात्रभर वाजणाऱ्या स्पीकरमुळे, आणि पायवाटेच्या घाटांतून मोटारीचा रस्ता काढायची मागणी होते त्यामुळे. गावाला पक्का रस्ता हवाच, दवाखान्यापर्यंत रात्री पोहोचता आलंच पाहिजे, एसटी वाढलीच पाहिजे. माझा विरोध आहे तो खोऱ्याच्या आरपार कोकणात उतरणाऱ्या रुंद रस्त्याला. तो झाला की ट्रक येणार, आणि पहाटे त्या रस्त्यावरून चालत शाळेला जाणारी पोरं रस्त्याच्या कडेला ढकलली जाणार. म्हणून मी नावं सांगते. तुम्ही तिथे सायकल चालवलीत, तिथल्या माणसांशी बोललात, तर उद्या असा रस्ता काढायचा घाट घातला गेला तेव्हा "नको" म्हणायला तुम्हीही असाल.